वीतभर माती

'पुढील हंगामात घ्यावयाचे पीक' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, मांडूळ.

मी अर्ज पुन्हा वरून वाचला. नाव करण रूपला आडे. गाव केनवड, तालुका रिसोड. जमीन भारी काळी. मागील पीक सोयाबीन. अक्षर गोल, कुठंही खाडाखोड नाही. आणि शेवटी ते मांडूळ.

"हे काय लिहिलंत?"

"मांडूळ. दुतोंड्या म्हनतात त्याले."

"ते माहीत आहे मला. हा पिकाचा रकाना आहे."

"सापाचा रकाना शोधला मी, मॅडम. सापडला नाई."

काउंटरच्या पलीकडे तो उभा होता. रेनकोटच्या बाहीतून पाणी गळत होतं, थेट आमच्या आवक रजिस्टरवर. मी रजिस्टर ओढून घेतलं. त्यानं घाईनं हात मागे घेतला, तर पाणी त्याच्याच अर्जावर पडलं आणि नेमका तो एक शब्द फुटला. शाई पसरली, तिचं निळं वेटोळं झालं.

"पाहा," तो म्हणाला, "जिवंत हाये."

हसायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मागे वजनकाट्यावर बसलेले धम्मरत्नदादा मोठ्यानं हसले, आणि मग माझाही इलाज राहिला नाही.

ती तारीख तेरा ऑगस्ट. मंगळवार. वाशीमला तीन दिवसांपासून झड लागली होती, आणि मातीचे नमुने वाळता वाळत नव्हते.

मी निकिता. गाव धनज. वाशीमला मावशीकडे राहून एका खासगी माती तपासणी प्रयोगशाळेत दीड वर्षापासून काम करत होते. दिवसाला साठ नमुने. माती वाळवायची, कुटायची, चाळायची, तोलायची. आकडा येईल तो लिहायचा. 'आकड्याशी भांडायचं नाही,' हे धम्मरत्नदादांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ते तिथले सगळ्यात जुने. मी त्यांची सगळ्यात काटेकोर शिष्या. तोवर तरी होते.

करणनं काउंटरवर प्लास्टिकची पेटी ठेवली. झाकणाला भोकं पाडलेली, आत वर्तमानपत्राचे कागद. कागदाखालून एक जाड, तपकिरी, बोथट शेपूट दिसत होती. की तोंड?

"शेपूट," तो म्हणाला. "तोंड तिकडं लपवून हाये. लाजते."

बारा दिवसांपूर्वी केनवडच्या दौलतरावांच्या सोयाबीनमध्ये तण काढायला डवरणी चालू होती. डवऱ्याचं पातं मांडुळाला लागलं. आसपासच्या गावांत साप निघाला की करणला फोन जातो. दौलतरावांनीही त्यालाच केला. वनरक्षकानं पंचनामा केला. वाशीमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाच टाके घातले. बरं होईपर्यंत सांभाळ, मग जिथलं तिथंच सोडायचं, असा कागद करणला मिळाला. तो कागद तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवायचा. दर मंगळवारी साप डॉक्टरांना दाखवायला आणायचा.

"मग इथं कशाला आलात?"

"खात नाई ते. टाके सुकेपर्यंत पेपरवरच ठेव म्हने डॉक्टर. पेपर साफ असते, बरोबर हाये. पन हे मातीत राहनारं जनावर, मॅडम. पेपराखाली तोंड खुपसते अन् पडून राह्यते. त्याले माती पाह्यजे. पन कोनती? जखम कच्ची हाये... अन् मले चुकायचं नाई."

शेवटचं वाक्य त्यानं हळू म्हटलं. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस उतारा किती येईल ते विचारायचा. चुकायचं नाही असं म्हणत आलेला हा पहिलाच.

मी पेन उघडलं. "आतापर्यंत काय काय घालून पाहिलंत?"

"आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा."

"त्याची धूळ नाकातोंडात जाईल. जखमेला चिकटेल."

"चिकटली. धुवून काढली. मंग सोयाबीनचं कुटार."

"भुसकट टोचतं. ओल लागली की बुरशी येते."

"आली. मंग रेती."

"नुसती? गिळताना पोटात गेली तर?"

"म्हनून तं काढली, बाप्पा!" त्यानं हात जोडले. "काळी माती घालनार होतो, मंग वाटलं, वाळली का तिच्या भेगा पडतात, भिजली का लोंदा होते. याचं अंग त्यात सरकन कसं? म्हनून तुमच्याकडं आलो. तुमी रागावता मस्त. पन रागावल्यावर सांगा बी."

आम्ही सांगितलं. म्हणजे मी सांगितलं, आणि दादांनी मान हलवली. दोन भाग धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची भुसभुशीत माती, एक भाग पैनगंगेची बारीक रेती. दोन्ही धुऊन चाळायच्या, भट्टीत तापवायच्या, थंड करायच्या. पेटीत जाडी वीतभर, कमी नाही. त्याला पुरतं गाडून घेता आलं पाहिजे. पाणी एकाच कोपऱ्यात शिंपडायचं, बाकी कोरडं.

"पाणी जास्त घालू नका," मी दोनदा सांगितलं.

"एकाच कोपऱ्यात," त्यानं दोनदा म्हटलं.

जाताना त्यानं रेनकोटच्या खिशातून मूठभर मुगाच्या शेंगा काढल्या आणि रजिस्टरवर ठेवल्या. हिरव्या, ओल्या, पावसाचा वास असलेल्या. "आमच्या तांड्यावरच्या. रजिस्टर भिजवलं, त्याचा दंड."

पुढच्या मंगळवारी तो माती घेऊन आला. मी ती चाळली, भट्टीत ठेवली. दोन तास थांबावं लागलं, म्हणून आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारी दोन वाजता त्याचा फोन आला. केनवडहून नव्हे, डॉक्टरांच्या दारातून.

"खाल्लं!"

"काय खाल्लं?"

"उंदीर! काल सांजच्याले. पयले मातीत गेलं, अख्खं गेलं, निकिता, नुसते दोन डोळे वर. मी उंदीर ठेवला अन् बाहीर जाऊन बसलो. परत येतो तं..." तो थांबला. "मॅडम म्हनायचं राहून गेलं."

"राहू दे," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी निकिता झाले. तो करण. 'तुमी'चं 'तू' कधी झालं त्याची तारीख मात्र माझ्याकडे नाही.

मंगळवार यायचा. साडेबाराला डॉक्टर, एक वाजता आमचा काउंटर. पेटी रजिस्टरशेजारी, आणि तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. कधी तो वाळकं आणायचा, कधी सीताफळ. मी माझ्या डब्यातली भाकर मोडून द्यायचे. तो ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आणायचा आणि म्हणायचा, "तिखट नाई, धूळ गेली." दादा चष्म्यावरून बघायचे.

"काय वो निकिता, सोमवारी तू येवढी चिडचिड करून राह्यली, अन् मंगळवारी कशी काय गोड?"

"काही नाही, दादा."

"सापाच्या अंगाले औषध लावतात, का तुह्या?"

मी सापाला नाव काय ठेवलंस, असं एकदा करणला विचारलं. त्यानं मान हलवली.

"नाव ठेवत नाई मी. नाव ठेवलं का मानूस सोडत नाई."

"म्हणजे नुसतं मांडूळ?"

"नुसतं मांडूळ. ते त्याच्या घरी जाते, आपन आपल्या."

आपण आपल्या... ते दोन शब्द मला आवडले नाहीत. मी पेटीतल्या मातीकडे बघत राहिले. मातीचा वरचा थर हळूच फुगला, सरकला, आणि एक बारीक डोळा वर आला. करणनं पेटीच्या कडेवर ठेवलेली बोटं तशीच राहू दिली. माझी बोटं त्यांना टेकलेली होती. कुणीच काढली नाहीत. दादा आतल्या खोलीत जाऊन उगाचच पातेलं घासत बसले.

मांडुळाच्या पायी धन सापडतं असं मानणारे लोक आहेत. त्यांच्यापासून लपवायला करण पेटीवर युरियाच्या जुन्या पोत्याचा तुकडा बांधायचा. तांड्यावरही फक्त त्याच्या आईवडिलांना माहीत होतं. आईला तो याडी म्हणायचा. याडी, रामीबाई, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. वडील रूपला आणि करणसुद्धा. दर वर्षी.

"या वर्षी बी?" मी विचारलं. माझ्याही तोंडात आता त्याचे शब्द यायला लागले होते.

"साप सुटला तं जाईन," तो म्हणाला. आणि माझ्याकडे न बघता पोत्याची गाठ बांधली.

एक ऑक्टोबरला त्यानं पेटीबरोबर मातीची पिशवीही आणली. जखम भरली होती. टाक्यांच्या जागी फिकट रेघ उरली होती. थंडी पडायच्या आत सोडलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. वनरक्षकाची तयारी होती. अडचण एकच. दौलतरावांनी सोयाबीन काढण्याआधी धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं, आणि मांडूळ त्याच धुऱ्याचं.

"हे तपासून दे. विषारी असन तं सोडत नाई."

"तणनाशक मोजायचं यंत्र नाही आमच्याकडे," मी खरं तेच सांगितलं. "पण गावाकडं माझे बाबा एक करतात. त्या मातीत मूग टाकतात. चांगला हिरवा उगवला तर जमीन विषातून सुटली. पिवळा पडला किंवा आलाच नाही, तर थांबायचं."

"तुह्याकडं मूग हाये?"

होता. ऑगस्टमधल्या त्याच्या शेंगा मी खाल्ल्या नव्हत्या. खिडकीत वाळवून दाणे काचेच्या बाटलीत ठेवले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. चहाच्या कागदी कपात माती भरली, पाच दाणे टाकले, कपावर तारीख लिहिली.

पाचव्या दिवशी, शनिवारी, पाचही दाणे उगवले. पानं हिरवीगार. माझ्या नोकरीत मी इतका स्पष्ट निकाल पाहिला नव्हता.

मी कप खिडकीतून उचलून समोर ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. मंगळवारी तो येईल. मी कप दाखवीन. तो हसेल, बुधवारी मांडूळ सोडेल. त्याच्या पुढच्या मंगळवारी वाशीमला यायचं त्याला कारण नसेल. दिवाळीनंतर ऊस. मार्चपर्यंत कोल्हापूरकडचे फड.

मी एकेक कोंब चिमटीत धरला आणि उपटला. मुळं पांढरी होती. पाचही कोंब मी कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि वरची माती बोटानं सारखी केली.

एक गोष्ट मी स्वतःला समजावली. कागदावर मी खोटं लिहिलेलं नाही. ही प्रयोगशाळेची पद्धतच नाही, याचा अहवाल नसतो. मी फक्त तोंडी सांगणार आहे.

"उगवलं नाही," मंगळवारी मी म्हटलं.

त्यानं कपात पाहिलं. "एक बी नाई?"

"पुन्हा टाकते. आठ दिवस थांब."

"नाल्याच्या पल्याड सोडू? तिकडं फवारा नाई मारला."

"जिथलं तिथंच सोडायचं म्हणतोस ना तू?"

"हो..." त्यानं पेटीवर हात ठेवला. "बरोबर हाये तुह्यं. आठ दिवसानं काय होते."

दुसऱ्या कपात चार उगवले. तेही उपटले. तिसऱ्या कपात पुन्हा पाच. तो दर वेळी रिकाम्या कपात वाकून बघायचा, आणि मी त्याच्या मानेवरचे केस बघायचे. बोलेल, असं मला वाटायचं. या मंगळवारी नाही तर पुढच्या. त्यानं एकदा बोलावं, मग मी कोंब उपटणार नव्हते. 'निकिता...' तो एकदा म्हणालाही. मी हातातली चाळणी खाली ठेवली. "...थोडी जास्त माती देशील का? पेटीत घालाले."

दिवाळी आली. मी धनजला गेले, आठ दिवस राहिले. परत आले तेव्हा सकाळी अंगावर शाल घ्यावी लागत होती.

पाच नोव्हेंबरला करण आला तेव्हा पेटीवर पोत्याऐवजी गोधडी होती.

"बापू अन् याडी गेले," त्यानं सांगितलं. "मी नाई गेलो. साप हाये म्हटलं."

मला आनंद झाला. तो लपवायला मी पेटीत वाकले. मांडूळ मातीच्या वर पडलं होतं. आत गेलेलं नव्हतं.

"दोन हप्ते झाले, खात नाई. काल नाक घासून राह्यलं पेटीले. मातीत काही बिघाड हाये का?"

"नाही... माती तीच आहे."

"मंग?"

मी गोधडी पेटीवर पुन्हा नीट पांघरली. बोलायची ती शेवटची वेळ होती. तेव्हा ते मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. थोडं कळलं होतं.

बारा तारखेला मांडुळाच्या श्वासाचा आवाज यायला लागला. बारीक शिट्टीसारखा. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. एकोणीसला, मंगळवारी, दुपारी एक वाजता करण आला. हातात पेटी नव्हती. मातीच्या नमुन्याची कापडी पिशवी होती, आणि भरलेला अर्ज.

दादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी चहा घेऊन येतो," म्हणाले, आणि गेले. चहा काही आणला नाही.

मी करणला माती वाळवायच्या खोलीत नेलं. चारी बाजूंना ट्रे, त्यात वेगवेगळ्या गावांची माती. तो ट्रेच्या मधे उभा राहिला.

"सकाळी गेलं," तो म्हणाला. "वनरक्षकानं पंचनामा केला, जाळलं बी. छाती भरली होती. डॉक्टर म्हने, मोकळं असतं तं थंडी पडल्याबरोबर दोन-तीन हात खाली गेलं असतं. खाली ऊब राह्यते. पेटीत कुठं जाईन? वीतभर माती. तेवढ्यात जाऊन जाऊन किती जाईन?"

ती वीत मीच मोजून दिली होती.

"मले येक तपासून पाह्यजे." त्यानं पिशवी पुढे केली. "ही पेटीतली माती. काही चुकलं का माह्याकडून? ओल जास्त झाली का? तू सांगशीन ते मी मानतो. लिहून दे."

मी अर्ज पाहिला. तेच गोल अक्षर. नाव, गाव, तालुका. 'पुढील पीक' हा रकाना कोरा.

"माती चांगली आहे," मी म्हटलं.

"न तपासता?"

"न तपासता. तुझं काही चुकलं नाही. करण... ते मूग उगवले होते."

त्याला कळलं नाही.

"धुऱ्याच्या मातीत. उगवले होते. मी उपटले."

भट्टीचा काटा टक् करून बंद झाला. एवढा आवाज तिथं नेहमीच होतो. त्या दिवशी आम्ही दोघंही दचकलो.

"कितीदा?"

"तीनदा."

"पयल्यांदा कवा उगवले?"

"पाच ऑक्टोबरला. शनिवारी."

त्यानं बोटांवर मोजलं. मी त्याला मोजू दिलं. सहा आठवडे आणि तीन दिवस. मला ते आधीच माहीत होतं.

"काहून?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"साप सोडल्यावर तू आला नसतास."

तो एका स्टुलावर बसला. गुडघ्यांवर हात, हातांत ती पिशवी. बोलला तेव्हा माझ्याशी नाही, पिशवीशी बोलल्यासारखा.

"डॉक्टरनं मले दहा सप्टेंबरलेच सांगतलं होतं. आता आणत जाऊ नको. जखम बरी हाये, हालवू नको, त्याले तरास होते. अन् मी दर मंगळवारी आणलं. केनवड ते वाशीम, वाशीम ते केनवड, मोटरसायकलवर बांधून, खड्ड्यातून. डॉक्टरकडं जातच नव्हतो मी, निकिता. सरळ तुह्या काउंटरवर येत होतो." त्यानं वर पाहिलं. "पेटी नसती तं काय सांगून आलो असतो?"

"काही न सांगता यायचंस."

"तू बलावलं असतं तं आलो असतो. तू नाई बलावलं, मी नाई विचारलं. दोघंबी त्याच्या आडून..."

त्यानं पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली.

मी त्याच्यासमोर उभी होते. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी ते म्हटलं. अगदी साधं. "मला तू आवडतोस. हे मी ऑक्टोबरमध्ये म्हणायला पाहिजे होतं."

"मले बी," तो म्हणाला. "ऑगस्टपासून."

इतके दिवस मी ज्याची वाट पाहिली ते हेच शब्द होते. ते आले, आणि खोलीत फक्त मातीचा वास होता. मी हात पुढे केला. त्यानं तो धरला, दोन्ही हातांत धरला, आणि कपाळाला लावला. मग सोडला.

"शनिवारी ऊसतोडीच्या टोळीची गाडी चालली केनवडहून. मी जातो."

"थांब ना."

"कायच्यासाठी थांबलो म्हनू? साप तं नाई आता."

"माझ्यासाठी."

त्याचा चेहरा हलला. मला वाटलं, हो म्हणेल. खरंच वाटलं.

"सापाले पापनी नसते, निकिता. मेल्यावर बी डोळे उघडेच. तुह्याकडं पाह्यलं का ते मले पाहून राह्यलं असं वाटते. तुले नाई वाटत?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय झाली होती. पण मी मान हलवली. वाटतं.

"मंग," तो म्हणाला.

दारापाशी तो थांबला. "हंगाम सरल्यावर पाहू," म्हणाला. ते वचन नव्हतं, आणि नकारही नव्हता. तो गेल्यावर लक्षात आलं, मातीची पिशवी स्टुलावरच होती.

मी ती नमुना म्हणून नोंदवली. वाळवली, चाळली, तोलली. सामू, क्षार, सगळं मोजलं. सगळं ठीक होतं. अहवाल लिहिला, सही केली. तो न्यायला कुणी येणार नव्हतं. दादांनी अहवाल वाचला, परत माझ्या हातात दिला.

"रडत आकडे लिहू नये, वो," ते हळूच म्हणाले. "शाई पसरते."

उरलेली माती मी एका मातीच्या कुंडीत भरली. वीतभरच भरली. बाटलीत मुगाचे सात दाणे उरले होते, ते सगळे टाकले. थंडीत मुगाला वेळ लागतो. सहाव्या दिवशी एक कोंब वर आला, मग आणखी दोन. आठव्या दिवशी पाच होते. मी एकालाही हात लावला नाही.

फोटो काढला. करणला पाठवला. खाली एकच शब्द लिहिला, 'उगवलं'.

दोन दिवस त्यानं तो पाहिलाच नाही. तिसऱ्या दिवशी पाहिला. उत्तर आलं नाही. फडात नेटवर्क नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग तेही सांगायचं सोडून दिलं.

मंगळवार आला. एक वाजता मी सवयीनं रजिस्टर बाजूला सरकवलं, पेटीपुरती जागा केली. कुणीतरी शेतकरी आपली पिशवी तिथं ठेवून गेला. डबा खाऊन मी खिडकीतल्या कुंडीत पाणी घालायला उठले, आणि फोन वाजला. त्याचाच संदेश होता.

'पानी जास्त घालू नको. येकाच कोपऱ्यात शिंपड.'

मी तांब्या तिरपा केला, आणि एका कोपऱ्यात चार थेंब टाकले.